परदेश प्रवासात मोबाइल इंटरनेट : खर्च कुठे वाढतो आणि कसा आवरावा

मुंबई : परदेश प्रवासाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि परकीय चलन यांची तजवीज काही आठवडे आधी केली जाते; मोबाइल इंटरनेटचा विचार मात्र बहुधा विमानतळाच्या प्रतीक्षाकक्षात होतो. टॅक्सी, नकाशा, हॉटेलचे आरक्षण, भाषांतर, बोर्डिंग पास आणि घरच्यांशी संपर्क ही सारी कामे आज फोनवरच चालतात. त्यामुळे परदेशात फोन बंद ठेवणे परवडत नाही आणि भारतातल्या सवयीने तो सुरू ठेवणेही परवडत नाही. यातून वाट काढण्याचे प्रमुख मार्ग चार : भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक, त्या देशातले स्थानिक सिम, ई-सिम आणि वाय-फाय. यांपैकी कोणता मार्ग स्वस्त पडेल, हे देश, मुक्कामाचे दिवस, हाताशी असलेला फोन आणि भारतीय क्रमांकाची गरज या चार गोष्टींवर ठरते.

रोमिंग महाग का पडते?

भारतीय सिम असलेला फोन परदेशात सुरू केला की तेथील नेटवर्क सिममधील ओळख क्रमांक वाचते, भारतातील मूळ कंपनीकडे विचारणा करते आणि दोन कंपन्यांमध्ये करार असेल तर सेवा देते. ग्राहकाने वापरलेल्या प्रत्येक मिनिटाची आणि मेगाबाइटची नोंद परदेशी कंपनी ठेवते व ती घाऊक दराने भारतीय कंपनीकडून वसूल करते. भारतीय कंपनी त्यावर आपला खर्च आणि नफा चढवून ग्राहकाला आकारणी करते. म्हणजेच एका वापराचे दोन कंपन्यांना पैसे जातात.

रोमिंगचा डेटा बहुतेक वेळा परदेशातील मनोऱ्यावरून थेट इंटरनेटवर जात नाही. तो आधी मूळ देशातील कंपनीच्या यंत्रणेत येतो आणि तेथून पुढे जातो. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये बसून उघडलेले संकेतस्थळही भारताला वळसा घालून येते आणि जोडणी काहीशी संथ भासते. या वळशाचा एक उपयोगही आहे. त्याचा उल्लेख चीनच्या संदर्भात पुढे आला आहे.

युरोपीय संघाने हा प्रश्न कायद्याने सोडवला. १५ जून २०१७ पासून संघातील ग्राहकाला दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरत्या प्रवासात मायदेशाच्याच दराने फोन वापरता येतो. या नियमाची मुदत २०२२ मध्ये वाढवून २०३२ पर्यंत करण्यात आली. मात्र ही सवलत तेथील कंपन्यांच्या सिमला आहे. भारतीय सिमला ती लागू होत नाही. भारतात आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या दरांवर अशी कमाल मर्यादा नाही. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. त्यामुळे एकाच देशासाठी दोन भारतीय कंपन्यांच्या दरांत मोठी तफावत आढळू शकते आणि निघण्यापूर्वी तुलना करणे फायद्याचे ठरते.

रोमिंग पॅक घेताना

सर्वांत सोपा मार्ग रोमिंग पॅकचा. सिम बदलावे लागत नाही, भारतीय क्रमांक सुरू राहतो आणि बँकेचे संदेश मिळत राहतात. रिलायन्स जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल या कंपन्या देशांच्या गटानुसार असे पॅक देतात. खरा धोका पॅक न घेता डेटा रोमिंग सुरू राहण्यात आहे. तेव्हा मूळ दर लागू होतो आणि तो पॅकमधील दराच्या कितीतरी पट असू शकतो. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक संपली की सेवा थांबते. पोस्टपेड ग्राहकाला मात्र खर्चाचा खरा आकडा बिल हाती आल्यावरच कळण्याची शक्यता असते. त्यामुळे पोस्टपेड ग्राहकाने कंपनीकडून आपली पतमर्यादा किती आहे आणि ती ओलांडल्यावर सेवा आपोआप थांबते का, हे आधी विचारून घ्यावे.

पॅकच्या जाहिरातीतील मोठ्या आकड्यापेक्षा खालील अटी अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली अट देशांच्या यादीची. ‘युरोप’ असे नाव असलेल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा तुर्कस्तान असेलच असे नाही. विमान बदलण्यासाठी ज्या देशात काही तास थांबायचे आहे, तोही यादीत आहे का हे पाहावे. नसेल तर त्या थांब्यावर डेटा रोमिंग बंद ठेवून विमानतळाच्या वाय-फायवर काम भागवावे.

दुसरी अट मुदतीची. मुदत खरेदीच्या क्षणापासून मोजली जाते की परदेशी नेटवर्कला फोन जोडला गेल्यापासून, हे पॅकनुसार बदलते. एका दिवसाच्या पॅकमध्ये ‘दिवस’ म्हणजे २४ तास की मध्यरात्री संपणारी तारीख, आणि ती भारतीय वेळेने की स्थानिक वेळेने, हेही विचारावे. तारखेने मोजल्या जाणाऱ्या पॅकमध्ये रात्री ११ वाजता उतरलेल्या प्रवाशाचा पहिला दिवस एका तासात संपू शकतो.

तिसरी अट मर्यादा संपल्यानंतरची. डेटा संपल्यावर वेग कमी होतो, सेवा थांबते, की मूळ दराने आकारणी सुरू होते? ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकमध्येही ठरावीक वापरानंतर वेग घटवण्याची तरतूद असू शकते.

चौथी अट कॉलची. आलेला कॉल, त्याच देशातील क्रमांकाला केलेला कॉल, भारतात केलेला कॉल आणि तिसऱ्या देशात केलेला कॉल या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकमधील मिनिटे यांपैकी कशासाठी आहेत, हे तपासावे.

पाचवी अट समुद्र आणि आकाशाची. क्रूझवरील आणि विमानातील मोबाइल सेवा उपग्रहामार्फत चालते व तिचे दर वेगळे असतात. देशासाठी घेतलेला पॅक बहुधा तेथे चालत नाही. सिंगापूरहून क्रूझवर निघालेल्या प्रवाशाचा फोन किनारा सोडल्यावर जहाजाच्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो. त्यामुळे जहाजावर आणि विमानात फोन एअरप्लेन मोडवर ठेवून, गरज असेल तरच तेथील वाय-फाय घ्यावे.

खर्चाचा हिशेब नेहमी पूर्ण प्रवासाचा करावा. समजा, एका दिवसाचा पॅक ५०० रुपयांना, १० दिवसांचा ३,००० रुपयांना आणि त्या देशातील पर्यटक सिम १,२०० रुपयांना मिळते. दोन दिवसांच्या कामासाठी दैनंदिन पॅकचे १,००० रुपये होतात. सिम शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. दहा दिवसांसाठी मात्र तोच दैनंदिन पॅक ५,००० रुपयांवर जातो आणि स्थानिक सिम निम्म्याहून कमी खर्चात काम भागवते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष दर वारंवार बदलतात आणि कंपनीच्या ॲपवर निघण्याच्या आदल्या दिवशी पाहणे योग्य.

स्थानिक सिम : आठवड्याहून अधिक मुक्कामासाठी

एकाच देशात आठवडा किंवा अधिक काळ राहायचे असेल तर तेथील प्रीपेड सिम बहुधा सर्वांत स्वस्त पडते. थायलंड, सिंगापूर, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती यांसारख्या देशांत विमानतळावरच पर्यटक सिमचे काउंटर असतात. बहुतेक देशांत सिमसाठी पासपोर्टची नोंदणी आवश्यक असते. सौदी अरेबियात बोटांचे ठसेही घेतले जातात. उमरा वा हज यात्रेच्या गर्दीत त्यासाठी रांगेचा वेळ गृहीत धरावा. विमानतळावर मिळणारे पर्यटक सिम सोयीचे असले तरी शहरातील दुकानात त्याच कंपनीचे सामान्य प्रीपेड सिम स्वस्त मिळू शकते.

युरोपातील अनेक देशांच्या सहलीत स्थानिक सिमचा विशेष लाभ होतो. फ्रान्समध्ये घेतलेले सिम वर उल्लेखिलेल्या नियमामुळे इटली, जर्मनी, स्पेनमध्येही चालते. युरोपीय संघातील २७ देशांसह आइसलँड, नॉर्वे आणि लिख्टेनश्टाइन यांना हा नियम लागू आहे. स्वित्झर्लंड त्यात नाही. भारतीय पर्यटकांच्या युरोप सहलीत स्वित्झर्लंड हमखास असल्याने ही बाब ध्यानात ठेवावी. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतर तेथील कंपन्यांवरही हे बंधन उरलेले नाही. लंडनमध्ये घेतलेले सिम पॅरिसमध्ये कोणत्या दराने चालेल हे त्या कंपनीच्या अटींवर अवलंबून असते. शिवाय देशांतर्गत अमर्याद डेटा देणाऱ्या सिमवरही इतर देशांत वापरायच्या डेटाला मर्यादा असू शकते.

सिम घेण्यापूर्वी आपला फोन एखाद्या कंपनीशी बांधलेला नाही ना, हे तपासावे. भारतात विकले जाणारे बहुतेक फोन मुक्त असतात. परंतु परदेशातील नातेवाइकाने हप्त्यांच्या करारावर घेऊन नंतर पाठवलेला फोन त्या कंपनीपुरता बंदिस्त असू शकतो. तुर्कस्तानात आणखी एक अट आहे : परदेशातून आणलेल्या फोनची नोंदणी केली नाही तर स्थानिक सिमवर तो १२० दिवसांनंतर बंद होतो. दीर्घ मुक्कामासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

काउंटर सोडण्यापूर्वी सिम फोनमध्ये घालून एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे, डेटा आणि मुदत किती हे छापील स्वरूपात घ्यावे, शिल्लक तपासण्याचा क्रमांक विचारावा आणि काढलेले भारतीय सिम पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवावे. नखाएवढे ते सिम हॉटेलच्या खोलीत हरवले तर बँकेचे व्यवहारही अडकतात.

ई-सिम : सोय आणि भारतातील नियम

ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप. तिच्यावर क्यूआर कोड स्कॅन करून किंवा ॲपद्वारे एखाद्या कंपनीची जोडणी उतरवता येते. भारतीय सिम जागेवर राहते आणि परदेशातील डेटा ई-सिमवर चालतो, हा तिचा मुख्य फायदा. फोनवर *#०६# डायल केल्यावर आयएमईआय क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे असे समजावे.

फोन कोणत्या देशात विकत घेतला यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा कप्पाच नाही. अमेरिकेतून आणलेला असा फोन वापरणाऱ्याला परदेशात साधे सिम घेऊन उपयोग नाही. त्याला ई-सिमच शोधावे लागते. याउलट चीनच्या मुख्य भूमीत विकल्या गेलेल्या बहुतेक आयफोनमध्ये ई-सिमची सोय नसते.

भारतातून परदेशी ई-सिम खरेदी करण्याबाबत नियम आहेत. परदेशी कंपन्यांची सिमकार्डे भारतात विकण्यासाठी वा भाड्याने देण्यासाठी दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि विक्रेत्याला ग्राहकाची ओळख व प्रवासाची कागदपत्रे तपासावी लागतात. अशी सिम भारतात वापरण्यासाठी नसतात. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही प्रवाशांमध्ये लोकप्रिय असलेली ई-सिम ॲप सरकारच्या सूचनेनंतर ॲपल आणि गुगलच्या भारतीय ॲप स्टोअरमधून काढण्यात आली. अशा विक्रीचा गैरवापर सायबर फसवणुकीसाठी होत असल्याची चिंता त्यामागे होती. त्यामुळे भारतात असताना खरेदी करायची तर परवानगी असलेल्या विक्रेत्याकडूनच करावी; अन्यथा परदेशात उतरल्यावर तेथील कंपनीच्या काउंटरवरून स्थानिक ई-सिम घ्यावे.

ई-सिम घेताना तीन गोष्टी विसरू नयेत. ते उतरवण्यासाठी इंटरनेट लागते, म्हणून ही कृती वाय-फाय असताना उरकावी. बहुतेक प्रवासी ई-सिम केवळ डेटापुरती असतात. त्यांना फोन क्रमांक नसतो, त्यामुळे साधा कॉल करता येत नाही. आणि एकदा उतरवलेले ई-सिम चुकून पुसले गेले तर तोच क्यूआर कोड पुन्हा चालेलच असे नाही. परदेशी संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरायचे असतील तर चलन रूपांतराचे शुल्क किमतीत धरावे. भारतीय कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते निघण्यापूर्वीच सुरू करावे लागतात.

भारतीय क्रमांक सुरू राहणे का आवश्यक?

स्वस्त डेटाच्या शोधात अनेक प्रवासी भारतीय सिम काढून ठेवतात आणि पहिल्याच ऑनलाइन व्यवहाराला अडतात. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असेल तर येणारे एसएमएस भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांना साधारणतः मोफत मिळतात. त्यासाठी डेटा पॅक लागत नाही. मात्र रोमिंगची सुविधा भारतात असतानाच सुरू करून घ्यावी. परदेशात पोहोचल्यावर ती सुरू करण्यासाठी जो ओटीपी लागतो, तोही बंद असलेल्या क्रमांकावरच येण्याची शक्यता असते.

यूपीआयचेही तसेच आहे. भूतानने २०२१ मध्ये आणि फ्रान्स, श्रीलंका व मॉरिशसने २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांसाठी यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू केली. सिंगापूर, नेपाळ आणि अमिरातीतही काही ठिकाणी ती उपलब्ध आहे. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पर्याय सुरू करावा लागतो आणि दुकानात उभे असताना फोनवर डेटा असावा लागतो. प्रवासाच्या तोंडावर फोन बदलणे किंवा यूपीआय ॲप काढून पुन्हा घालणे टाळावे. नव्याने नोंदणी करताना फोनमधून नोंदणीकृत क्रमांकाचा एसएमएस जावा लागतो आणि परदेशात तो अडकू शकतो.

व्हॉट्सॲपसारख्या मेसेजिंग सेवांबाबतही नियम कडक होत आहेत. ज्या सिमवर खाते उघडले ते सिम त्याच फोनमध्ये सक्रिय असावे, अशी व्यवस्था करण्याचे निर्देश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या कंपन्यांना दिले. याचाही रोख एकच : भारतीय सिम काढून ठेवण्यापेक्षा फोनच्या दुसऱ्या कप्प्यात राहू देणे सुरक्षित.

दीर्घ मुक्कामात आणखी एक प्रश्न उभा राहतो. मुलांकडे अमेरिकेत काही महिने राहून परतणाऱ्या ज्येष्ठांचा भारतीय क्रमांक न वापरल्यामुळे बंद होण्याची भीती असते. दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ट्रायच्या नियमानुसार ९० दिवसांपेक्षा कमी काळ वापर नाही म्हणून प्रीपेड क्रमांक बंद करता येत नाही. त्यानंतरही खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढी रक्कम वळती करून क्रमांक राखण्याची तरतूद आहे. परंतु क्रमांक राखला जाणे आणि त्यावर ओटीपी येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रिचार्जची मुदत संपली की येणारे संदेश थांबू शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ कॉल आणि एसएमएससाठीचे, डेटा नसलेले पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. परदेशी मुक्कामात भारतीय क्रमांक सांभाळण्यासाठी असा दीर्घ मुदतीचा पॅक सोयीचा ठरतो.

दोन सिमच्या फोनची मांडणी

भारतीय सिम आणि परदेशी सिम एकाच फोनमध्ये असतील तर सेटिंग एकदाच नीट करावी. मोबाइल डेटासाठी परदेशी सिम निवडावे. भारतीय सिम सुरू ठेवावे. मात्र त्यावरील डेटा रोमिंग बंद करावे. डेटासाठी एका सिमवरून दुसऱ्यावर आपोआप जाण्याचा पर्याय काही फोनमध्ये असतो. तो आवर्जून बंद करावा, अन्यथा परदेशी सिमचे नेटवर्क गेले की फोन भारतीय सिमचा डेटा वापरू लागतो. दुसऱ्या देशाच्या कंपनीचे प्रवासी सिम स्वतःच रोमिंगवर चालते. अशा वेळी त्या सिमपुरते डेटा रोमिंग सुरू करावे लागते. ‘सिम घेतले पण इंटरनेट चालत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

भारतीय क्रमांकावर कॉल फॉरवर्डिंग सुरू असेल तर ते निघण्यापूर्वी काढावे. रोमिंगमध्ये न उचललेला कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळताना आंतरराष्ट्रीय कॉल म्हणून आकारला जाऊ शकतो. आयफोनवर सिम बदलल्यानंतर आयमेसेज आणि फेसटाइमच्या नोंदणीसाठी फोन स्वतःहून एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो, त्याचे शुल्कही लागू शकते.

सीमाभागात दक्षता घ्यावी. जिनिव्हा किंवा बाझेलसारख्या सीमेलगतच्या शहरांत फोन शेजारच्या देशाचे नेटवर्क पकडू शकतो. तेथे नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी स्वतः निवडावे.

डेटा नेमका कशात जातो?

मजकूर संदेश, नकाशा पाहणे आणि टॅक्सी बोलावणे यांना थोडाच डेटा लागतो. इंटरनेटवरून केलेला ध्वनी कॉलही तुलनेने किफायती असतो. खर्च होतो तो चित्रफितींवर. एचडी दर्जाचा चित्रपट तासाला सुमारे ३ जीबीपर्यंत डेटा खातो. म्हणजे रोज १ जीबीचा पॅक २० मिनिटांत संपू शकतो. समाजमाध्यमांवर आपोआप चालू होणाऱ्या चित्रफितींची गतही तीच.

यापेक्षा फसवा असतो तो न दिसणारा वापर. दिवसभरात काढलेली छायाचित्रे फोन पाठीमागे क्लाउडवर चढवत असतो, ॲप अद्ययावत होत असतात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली प्रत्येक चित्रफीत आपोआप उतरत असते. छायाचित्रांचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट ‘केवळ वाय-फायवर’ असे ठरवावे. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर आणि रोमिंगमध्ये माध्यमे आपोआप उतरवण्याचे पर्याय बंद करता येतात. अँड्रॉइडवरील डेटा सेव्हर आणि आयफोनवरील लो डेटा मोड हे दोन्ही पार्श्वभूमीतील वापराला लगाम घालतात. फोनचे हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप जोडला तर लॅपटॉपला तो वाय-फायच वाटतो आणि त्याचे मोठे अपडेट मोबाइल डेटावर सुरू होतात. हे टाळण्यासाठी लॅपटॉपवर ती जोडणी मर्यादित असल्याची खूण करावी.

ज्या शहरात जायचे त्याचा नकाशा, भाषांतर ॲपमधील ती भाषा, तिकिटे, हॉटेलचा पत्ता आणि विम्याची कागदपत्रे भारतात असतानाच फोनमध्ये उतरवून ठेवावीत. दिशा दाखवणारी जीपीएस यंत्रणा उपग्रहावर चालते; नकाशा आधीच उतरवलेला असेल तर डेटा नसतानाही फोन आपले स्थान दाखवतो.

वाय-फाय : फुकट, पण जपून

हॉटेल, विमानतळ, ग्रंथालये आणि उपाहारगृहांतील वाय-फाय मोठ्या कामांसाठी उपयोगी पडते. जपानसारख्या देशात खिशात मावणारे वाय-फाय उपकरण भाड्याने घेण्याची पद्धत रूढ आहे. चौघांच्या कुटुंबाने असे एकच उपकरण घेतले तर चार सिमचा खर्च वाचतो. अट एवढीच, की चौघांनी एकत्र फिरावे आणि उपकरण चार्ज ठेवावे. विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी ‘एड्युरोम’ ही व्यवस्था उपयुक्त आहे. आपल्या संस्थेच्या लॉगिनवर शंभराहून अधिक देशांतील सहभागी विद्यापीठांच्या आवारात वाय-फाय वापरता येते. भारतात ही सेवा अर्नेट इंडियामार्फत चालवली जाते.

मोफत वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळावेत. खऱ्या नावाशी मिळतेजुळते नाव देऊन बनावट जोडणी उभी करणे अवघड नाही. हॉटेलात जोडणीचे अचूक नाव कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे आणि पैशांचे व्यवहार मोबाइल डेटावर करावेत.

काही देशांचे वेगळेपण

चीनमध्ये गुगल, व्हॉट्सॲप, फेसबुक आदी सेवा तेथील स्थानिक इंटरनेटवर बंद आहेत. स्थानिक सिम घेतलेल्या भारतीय प्रवाशाचा घरच्यांशी नेहमीचा संपर्क त्यामुळे तुटतो. रोमिंगचा डेटा मात्र मूळ देशाला वळसा घालून जात असल्याने भारतीय सिमच्या रोमिंगवर या सेवा चालतात. चीनसाठी महाग वाटणारा रोमिंग पॅक म्हणूनच अनेकदा अधिक उपयोगाचा ठरतो.

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात. पण स्थानिक नेटवर्कवर व्हॉट्सॲप कॉलवर निर्बंध आहेत. तेथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरली जातात. नव्याने नोकरीसाठी जाणाऱ्यांनी घरच्यांच्या फोनमध्येही ते ॲप आधीच बसवून ठेवावे.

अमेरिकेत तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी सेवा बंद केली. तेथील नेटवर्कवर व्हीओएलटीई न चालणाऱ्या फोनवर इंटरनेट मिळाले तरी साधा कॉल लागत नाही. आजी-आजोबांना जुना फोन देऊन पाठवताना हे तपासावे. आणीबाणीच्या ९११ क्रमांकासाठीही त्याची गरज पडते.

कोणाला काय सोयीचे?

दोन ते चार दिवसांचा कामाचा दौरा असेल तर रोमिंग पॅक. एकाच देशात एक ते तीन आठवडे असल्यास स्थानिक सिम किंवा ई-सिम आणि सोबत भारतीय सिम केवळ एसएमएससाठी. युरोपातील अनेक देशांच्या सहलीत संघातील एखाद्या देशाचे सिम आणि स्वित्झर्लंड, ब्रिटनसाठी स्वतंत्र विचार. सहल कंपनीसोबत जाणाऱ्यांनी बस आणि हॉटेलात वाय-फाय आहे का हे विचारून त्यानुसार लहान पॅक घ्यावा. मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी तेथील कुटुंबाच्या प्लॅनमध्ये एक जोडणी वाढवणे आणि भारतीय क्रमांकावर दीर्घ मुदतीचा कॉल-एसएमएस पॅक ठेवणे, ही जोडी किफायती पडते. मात्र प्रवासाच्या दिवशी, मुले विमानतळावर भेटेपर्यंत, त्यांच्या हाती चालू फोन असणे अधिक महत्त्वाचे. त्यासाठी एका दिवसाचा रोमिंग पॅक घेतलेला बरा.

बिल चुकीचे आले तर

निघताना पॅक सुरू झाल्याचा संदेश, परदेशात उतरल्यावर आलेले दरांचे संदेश आणि वापराच्या सूचना पुसून टाकू नयेत. त्यांची छायाचित्रे ठेवावीत. फोनमधील डेटा वापराची मोजणी प्रवास सुरू होताना शून्यावर आणावी, म्हणजे कंपनीच्या आकड्याशी ताळा घेता येतो. बिलाबाबत आक्षेप असल्यास आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत देणे अपेक्षित आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. कंपनीच्या पातळीवर दाद न मिळाल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी

आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे ना, पॅकमध्ये प्रत्येक देश आणि थांबा आहे ना, फोन मुक्त आहे ना, कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत ना, कॉल फॉरवर्डिंग काढले ना, नकाशे व तिकिटे उतरवली ना आणि बॅकअप केवळ वाय-फायवर ठेवला ना, या सात गोष्टी पाहण्यास अर्धा तास पुरतो. त्यासोबत हॉटेलचा पत्ता, भारतीय दूतावासाचा दूरध्वनी आणि घरच्या दोघांचे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. फोनची बॅटरी संपली, फोन हरवला किंवा नेटवर्कच मिळाले नाही, तर तो कागदच उपयोगी पडतो.